हिच्या नावाचं झुडूप

...नाही, पण 'केसाळ' हा शब्द मी लिहिला होता का? सरांनी लिहिला! मग ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी कॉलेजात वाळवलेली झाडं कागदावर चिकटवतोय, आणि एक दिवस पाण्याच्या टाकीमागं हे झुडूप दिसलं, वीतभर, आमच्या एकाही कागदावर नसलेलं! धावत आमच्या प्रोफेसर सरांकडं. सर भिंगातून बघतायत, जुनी बाडं उलटतायत, हुंकार देतायत... आणि दोन महिन्यांनी नाकातल्या आवाजात, "नवीन आहे रेऽ! तू शोधलंस, नाव तूच सुचव."

माझ्या तोंडून काय निघावं? बायकोचं नाव! लग्नाला बावीस वर्षं झाली, बिचारीला कधी साधं फूल दिलं नव्हतं, म्हटलं एकदम झाडच देऊ! सरांनी तिच्या नावाला लॅटिन शेपूट लावलं, आणि झालं, आमची ही थेट वनस्पतिशास्त्रात!

सरांनी लिहिलेलं वर्णन छापून आल्यावर घरी सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. "बुटकी. अंगभर केसाळ. मुळं चिवट. चुरगळल्यास उग्र वास..." सासूबाईंना चहाचा ठसका, मेव्हणा खुर्चीतून खाली! आणि ही? "बावीस वर्षं मनात होतं, ते आज छापून आणलंत!" अहो, वर्णन झाडाचं! ह्यात माझं काय चुकलं?

आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी सर पडेल आवाजात, "घोळ झाला रे. हे झाड शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलंय. आधीचं नाव तेच खरं, आपलं बाद."

मी उड्या मारत घरी! "अगं, सुटलीस! रद्द झालं!" तर हिचा चेहरा खर्रकन उतरला. पर्समधून तो छापील कागद काढला, घड्या घालून घालून मऊ झालेला. "केसाळ असू दे, नाहीतर वास मारू दे... माझं होतं ते."

बोलून गेलो, "दुसरं शोधू." ह्यात तरी माझं काय चुकलं? तेव्हापासून दर रविवारी भल्या सकाळी आम्ही दोघं ओढ्याकाठी, चिखलात, गुडघ्यांवर! आणि काल ही एकदम ओरडली, "सापडलं! असलं कधी पाहिलंय?" खरंच पाहिलं नव्हतं. म्हणाली, "ह्याला मात्र तुमचंच नाव!" मी भरल्या डोळ्यांनी वर फांदीकडं पुन्हा नीट बघितलं...

बांडगूळ!

म्हटलं, दे.