पाय टेकायचा न्हाई, पन चालायचं!

...आन् वर डाक्टर म्हनत्यात, "रोज चाला!" आरं, चाला तर चाला, पन कवा चाला, कसं चाला, कुनाच्या पायानं चाला... सांगाया तोंड नव्हतं का?

तुमास्नी सांगतो, आमचं शेजारी आनंदराव. उत्रोलीत भाताची चांगली खाचरं, आन् अंगानं असं भरल्यालं की गाडीत चढलं की बैल मागं वळून बघायचं! ह्यांच्या पायाला जखम झाली, काय केल्या भरंना. नेलं भोरच्या एका दवाखान्यात. तितल्या डाक्टरानं काचंच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवी घालून दिव्यावर तापवली, तर रंग विटेगत लाल! म्हनं, साखर हाय. घ्या! आमाला सणाला गूळ मिळंना, आन् ह्यांच्या अंगात साखर!

ऱ्हायलं बापडं तितं. जखम जरा सुकली तशी सांगितलं, घरी जावा. गाडी जुपल्याली, सोजरावैनी, म्हंजी त्यांची कारभारीन, गाठोडं बांधत्यात, आन् डाक्टर दारातनं जाता जाता, नाकातनं, "रोज भरपूर चालायचं बरं का! चालण्यानं साखर उतरते." गेला! मागनं कंपौंडर आला, पट्टी आवळली, बोट नाचवीत म्हनतो, "पाय जमिनीला टेकवाल तर याद राखा, कापावा लागेल!" गेला त्योबी! आता पाय टेकायचा न्हाई आन् रोज चालायचं... मानूस हाय का पाखरू? दोघं एका छपराखाली बसत्यात, एकमेकाला इचारून सांगाया तोंड नव्हतं का?

घरी आलं, तर गावात शहाण्यांचं पीक भातापरीस जोरात! चिमाजी म्हनतो, "लंगडी घाला." कोंडिबा म्हनतो, "खांद्यावर घिऊन फिरवू, चालल्यागत झालं की!" आरं, खांदा तुजा, मग साखर कुनाची उतरंल? आनंदरावांनी घातली लंगडी, आन् बसलं की शेनात! जखम पुन्ना उकलली. वैनींनी रगताची पट्टी सोडून नवी बांधली. आनंदराव भिताडाकडं तोंड करून एवढंच बोललं, "पाय गेल्यावर चिखलात कोन उतरंल गं?"

वैनी रडल्या न्हाईत. पदर खोचला, तरातरा भोर गाठलं, आन् थेट डाक्टराच्या टेबलाम्होरं! "आमचं मालक चालनार, का पाय वर धरनार? दोन्ही एकदम व्हत न्हाई, करून बघितलंय!"

डाक्टर खेकसला, "अहो बाई, जखम भरेपर्यंत बसायचं, भरली की चालायचं! एवढं कळत नाही?"

"कळतंय की! मग निगताना हेच सांगाया तोंड नव्हतं का?"

वैनींनी टेबलावर हात टेकून म्होरलं इचारलं,

"आन् तवर साखर कशी उतरनार?"

"हातांना कष्ट द्या! जातं ओढायला बसवा त्यांना!"

त्यो चिडून बोलला... वैनींनी औषध म्हून घेतलं!

दुसऱ्या दिसापास्नं आनंदराव डोईला फेटा, मिशीला पीळ, जखमंचा पाय पोत्यावर, जात्याचा खुंटा धरून घरर्र घरर्र! आधी लाजंकाजं दार लावून, मग घामानं जीव घाबरा झाला तसं सताड उघडून. गाव हासून हासून लोळलं. पानवठ्यावर धोंडाबाई इचारती, "का वं वैनी, ओव्याबी मालकच म्हनत्यात का?" वैनींनी कान दिला न्हाई. रोज पट्टी बदलली, म्होरनं भाताचं ताट वढून भाकरी वाढली. आन् भरली की वं जखम! डाक्टरानं पुन्ना नळी तापवली, तर रंग निळाच ऱ्हायला, म्हंजी साखर उतरली! छाती फुगवून कंपौंडरला म्हनतो कसा, "माझीच युक्ती ती!" आता म्हनं, घरी धाडताना दरेकाला खाली बसवून सांगत्यात, कवा बसायचं, कवा चालायचं. फुटलं तोंड येकदाचं!

आनंदराव आता रोज बांधानं चालत्यात, झोकात. जातं सुटलं त्यांचं... पन गावच्या बायांनी बघितलं ना, बाप्याच्या हातानं पीठ कसं बारीक पडतंय त्ये! आमची कारभारीन सखूबाई सूपभर नाचनी घिऊन माज्याम्होरं हुबी. म्या म्हनलो, "अगं, मला न्हाई साखर!"

तर म्हनती, "व्हायच्या आत ओढा!"

...चला, उठतो. नाचनी निम्मी दळायची ऱ्हायलीया.