लग्नाच्या कॅसेटमधला दादा

व्हीसीआर जोडणं सोपं असतं, असं मला कोणी सांगू नका. दादा गेल्यावर महिन्याभरानं आई म्हणाली, “ताईच्या लग्नाची कॅसेट लाव गा. त्याले पाहाचं आहे.”

सक्करदऱ्याहून व्हीसीआर भाड्यानं आणला. आमच्या छोट्या टीव्हीवर तासभर नुसत्या मुंग्या. रागानं बटण गरागरा फिरवलं, तेव्हा कुठं चित्र आलं.

कॅसेट संपत आली, पण दादा दिसेना.

“काहून दिसून नाही राहिला?”

मग मला आठवलं. “आई, व्हिडिओवाल्याचा लाइट तोच धरून होता.”

तेवढ्यात पडद्यावर मी मठ्ठ्याच्या बादलीसकट आपटलो आणि उजेड गदागदा हलला.

“हा दादा हसून राहिला, आई.”

आई म्हणाली, “तू पडला, ते पुन्हा लाव.”