पराट्या आणणारा

अमरावतीच्या स्टँडवर मी दर्यापूरच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एकाच गावचे दोघं बोलत होते. त्यातले नत्थुजी सकाळीच मुंबईहून उतरले होते.

“मंग, पायलं काय आचलचं प्रदर्शन?”

“पायलं. कापूस वेचून झाल्यावर आपल्या वावरातल्या वाळल्या काड्या, पराट्या पाठवल्या होत्या ना, त्याईचं भलं मोठं घरटं केलं पोरीनं. मानूस आत जाऊन बसते.”

“लोकाईले आवडलं?”

“सारे फोटो काढून राहिले होते.”

“मंग तोंड काहून उतरलं तुमचं?”

“आचल आतमंदी होती, मी दारापाशी उभा. एक बाई आली अन् मले इचारलं, तुम्ही कोण?”

“सांगाचं ना, बाप हो म्हनून.”

“तिचे कपडे पायले, तिचं बोलनं आयकलं. माह्या पायात स्लीपर. तोंडातून निंघून गेलं, पराट्या घेऊन आलो जी, गाडीवाला हावो.”

“अन् मंग?”

“मंग भितीवर नजर गेली. तिथं कार्ड होतं, मराठीत. वर आचलचं नाव, खाली लिवलं होतं, पऱ्हाटी पेरणारे आणि उपटणारे माझे बाबा, नत्थुजी.”

“अरे बापा.”

“तेवढ्यात आचल बाहीर आली. बाई तिले म्हने, तुमचे गाडीवाले भेटले, पण बाबा कुठं आहेत?”

“मंग? आचल काय म्हने?”

“माह्याकडं पायलं तिनं. अन् म्हने, ‘त्यांना येता आलं नाही.’”