पहिला घास तुमचा

नाही, आधी तुम्ही खा, छायाताई — हं, असंच, भाकरीचा तुकडा मोडा, वांग्याला लावा, इथंच वॉर्डाबाहेर माझ्यासमोर गिळा — मग नेते डबा ह्यांच्याकडे. राग आला? मला नसेल आला? दोन महिने तुमचे दीर तापाने फणफणले आणि दोन महिने तुम्ही माझ्या हातचं ताट अडवलंत, पहिला घास मला खायला लावलात, चाळीतल्या बायका बघायला गोळा! हिने काहीतरी खाऊ घातलंय, पोटात बसलंय म्हणे. कामरेजच्या भगताने ह्यांना मिठाचं पाणी पाजलं, ओकून ओकून रक्त पडलं, निघालं काही? आणि माझी धनश्री, चार वर्षांची पोर — आईच्या हातचं नको म्हणून तुमच्या खोलीत ठेवलीत.

आता ऐका. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली, जठराचा तुकडा काढला, मग आतड्याचा. गाठ कुठेच नाही, फोटोतही नव्हती — पण तुकड्यातल्या बारीक बारीक रक्ताच्या नळ्या कॅन्सरच्या पेशींनी गच्च. नळ्यांतच दडून राहतो म्हणे तो, लाखात एखाद्याला होतो. भगताकडे महिना घालवला नसता तर — जाऊ द्या, उद्यापासून औषध चढवणार, आशा आहे म्हणाले. हा घ्या रिपोर्ट. गोडादऱ्याला आपल्या चाळीत जायचं, पाणी आलं की नळावर उभं राहायचं आणि मोठ्याने सांगायचं — माझ्या धाकट्या जावेने काही खाऊ घातलं नव्हतं, मी खोटं बोलले. सगळ्यांदेखत! आणि संध्याकाळी धनश्री इथे, माझ्या मांडीवर.

मी पडले सातवी शिकलेली, म्हणून डॉक्टरांना तीनदा विचारलं — साहेब, तुकड्यात पूड-बिड दिसली का कसली? हसले ते. ना बेन, असल्या पुडीने हा आजार होत नाही. तेव्हा कुठे माझा जीव — काय म्हणालात, कोणती पूड? कोणती म्हणजे... ह्यांची दारू सुटायची हो. शेजारच्या उषाबाईने आणून दिली होती. वरणातून, नऊच दिवस. ताप तर नंतर आला, म्हणजे... रिपोर्टात नाही ना पण ती! बघा ना, वाचा — डबा कशाला झाकताय? राहू द्या, नका खाऊ तुम्ही, मी खाते आधी — छायाताई, धनश्रीला पाठवाल ना? छायाताई?