आपली रीत, एल्साबाईंची रीत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या धावड्याच्या शेतकरी गटाचे प्रमुख माननीय अण्णासाहेब, व्यासपीठावरील सरपंच वंदनाताई, जिच्या निरोपासाठी हा मंडप भरला ती प्रीती, समोर बसलेल्या तिच्या मातोश्री चांगुणाबाई आणि जमलेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार, जय भीम!

मी नंदाबाई. शेडनेटच्या जाळीखाली, संकरित बी धरायला मिरचीच्या फुलांवर चिमटा चालवणारी बाई. माईकसमोर बोलायची ही माझी पहिलीच खेप, पण प्रीतीबद्दल बोलायचंय, तेव्हा आज मला कोणी खाली बसवू शकणार न्हाई.

शेतकीची पदवी घेऊन प्रीती हॉलंडच्या बियाणे कंपनीची इथली सुपरवायझर झाली. आता त्याच कंपनीनं तिला हॉलंडला बोलावलंय. का बोलावलं? बियाण्यातलं कळतं म्हणून? तसं कळणारे तिथं ढिगानं असतील. हिला माणसं कळतात, म्हणून बोलावलं.

दोन वर्षांमागं कंपनीच्या एल्साबाई हॉलंडहून गावात आल्त्या. कंपनीसाठी काढलेलं आमचं पहिल्या सालाचं मिरचीचं बी झकास निघाल्तं. पुढचं काम धावड्यात राहतं का दुसरीकडं जातं, ते त्या एका बैठकीवर होतं. गेलं असतं, तर आम्ही बाया पुन्हा लोकांच्या बांधावर रोजानं गेलो असतो. बाईंनी सरळ विचारलं, "पुढच्या साली सगळं काम तुम्ही घ्याल का?"

अध्यक्षमहोदय, राग मानू नका, पण हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत न्हाई! अण्णासाहेबांनी हात जोडले अन् म्हणाले, "आमची काय ऐपत, बाई? लहान माणसं आम्ही. एखादं चांगलं गाव बघा."

आता सांगा, काय चुकीचं बोलले? सोयरिकीच्या बैठकीत पोरीचा बाप असंच बोलतो ना? "आमचं काय, साधंच घर." समोरच्यानं म्हणायचं, "अहो, असं कसं पाव्हणं!" दोन-तीन खेपा असं झालं, की मंग सुपारी फुटती.

पण संगं आलेल्या दुभाष्यानं शब्दाला शब्द सांगितला, अन् एल्साबाई काही "असं कसं" म्हणाल्या न्हाईत. "खरं सांगितलंत, आभारी आहे," म्हणाल्या अन् गाडीत जाऊन बसल्या! इकडं अण्णासाहेब लालबुंद. "काय माणूस आहे! एका शब्दानं आग्रह न्हाई?"

प्रीती तेव्हा कामावर नवीन, मागं उभी होती. ती पळत जाऊन गाडीला आडवी झाली. बाईंना इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडचा पहिला नकार म्हणजे नुस्ती अदब. अन् वळून म्हणाली, "अण्णा, त्यांच्याकडं एकदाच विचारतात अन् पहिलाच शब्द खरा धरतात. त्यांनी तुमच्या शब्दाचा मान ठेवला, अपमान न्हाई केला."

अण्णासाहेबांना मानलं पाहिजे. साठी उलटलेला माणूस, जन्मात आपल्या तोंडानं आपलं कौतुक केलेलं न्हाई. घाम पुसला अन् म्हणाले, "जमतं! बराबर जमतं! आमच्या बायांसारखं बी जिल्ह्यात कोणी काढत न्हाई!"

वाजवा टाळ्या! अहो, जोरात वाजवा! काम गावात राह्यलं, अन् आज शिवारात जिकडं बघावं तिकडं हिरवी नेट दिसतात. भाषा तर त्या दुभाष्यालाही येत होती. रीत कळली ती आमच्या प्रीतीला.

अन् एवढं होऊन ही पोरगी जायलाच तयार न्हवती! "मी गेले अन् पुन्हा असा घोळ झाला, तर कोण निस्तरणार?" म्हणून अडून बसल्ती. चांगुणाबाई समजावून थकल्या.

तर ऐक, प्रीती. परवा तू थंडीचे कपडे घ्यायला जालन्याला गेल्तीस, तेव्हा एल्साबाईंचा व्हिडिओ कॉल आला. अण्णासाहेबांची नात मोनाली इंग्रजी बोलली. बाईंनी विचारलं, "यंदा टोमॅटोचंही बी घ्याल का?" मी म्हणलं, "न्हाई. उन्हाळ्यात पाणी पुरत न्हाई. मिरची मात्र म्हणाल तेवढी देऊ." एका दमात खरं सांगून मोकळी! अन् बाई काय म्हणाव्यात? "असं कसं, नंदाबाई? बघा की!" पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदाही म्हणाल्या! आम्ही त्यांच्या रीतीनं पहिल्याच शब्दाला खरं बोललो, अन् त्या आपल्या गावच्या रीतीनं आग्रह करून राह्यल्या. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. शेवटी मिरचीचंच ठरलं, अन् तेही गेल्या सालापेक्षा जास्त.

आपण सर्वांनी माझं वेडंवाकडं बोलणं गोड मानून ऐकलं, त्याबद्दल मी आभारी आहे. कोणाचं नाव घ्यायचं राह्यलं असंल, अध्यक्षांची थट्टा जरा जास्तच झाली असंल, तर घरची बाई समजून पोटात घाला.

आणि प्रीती, तुझ्यावाचून आता आमचं बिलकुल अडत न्हाई, बाळा. हे तूच घडवलंस. बिनघोर जा.