गिरवायची वही

…नाही काका, त्या चिठ्ठीत चुका असतील माह्या, शब्दही साधेच आहेत, त्याची आधी माफी मागतो — नववीतच शाळा सोडली ना मी — पण मनापासून लिहिली होती. 'पायलले शाळेत पाठवा, आम्ही वाट पाहून राह्यलो,' एवढंच होतं त्यात. कोणी वाचून दाखवली तुमाले? पायलनंच? बरं. बसा ना डोमाजीकाका, उभे कायले — मॅडम कळंबले मीटिंगले गेल्या, मी एकटाच आहो.

वही? हो, तेच बोलतो, बसा तर आधी. काय म्हणते ती — वही मिळाली तरच शाळेत येते, नाही तर तुमच्यासंगं कापूस वेचाले जाते? चौथीतली पोरगी आणि बापाले अट घालते.

आता मी काही मास्तर नाही काका. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचो — मागच्या फळीवर मालकाचं नाव, गाव, दोन फुलं — माहं अक्षर पाहून संस्थेनं मले इथं ठेवलं, लेकराईले इंग्रजी लिहाले शिकवाले. मॅडम कागदावर वाक्य देतात, मी ते वहीत शिसपेनीनं फिक्कं लिहितो, लेकरं त्याच्यावरून गिरवतात. तेवीस वह्या, रोज. अर्थ? अर्थ मॅडमले माहीत. मले अक्षर येते, भाषा नाही येत — हे तुमच्यापाशी बोललो, बाहेर काढू नका. लेकरं मले सर म्हणतात. माह्या घरी बाप अजून 'अबे' म्हणूनच हाक मारते.

तुमची पायल गिरवायची, पण तिचं अक्षर वाकडंतिकडं, मी म्हणायचो, रेघेवरून चाल ना माय. आणि मधल्या सुटीत मागं मागं यायची — सर, आमची शेळी व्याली, हे इंग्रजीत कसं लिहू? मी म्हणायचो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच इचारायची. असं किती दिवस चाललं — मग तिनं इचारणंच सोडलं. भिंतीवरच्या तक्त्यातले शब्द जोडून जोडून वहीच्या मागच्या पानांवर आपलंच लिहीत बसली. मले पत्ताच नाही. मी पुढची पानं तपासायचो ना.

गुरुवारी संस्थेचे पाहुणे आलते. वह्या एकसारख्या, बहुतेकांचं अक्षर मोत्यासारखं, ते खूश. त्यातली एक बाई खाली सतरंजीवर बसली, नेमकी पायलपाशी, आणि वही उघडली ती मागून. वाचलं, हसली. मग सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं — 'सर आधी लिहितात. आम्ही वरून गिरवतो. सरांना शेळी येत नाही.' बाई म्हणे, हे पोरीनं स्वतःच्या मनानं लिहिलं, ह्यालेच लिहिणं म्हणतात. टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी. मग खडू माह्या हातात दिला — सर, तुम्हीही एक वाक्य लिहा ना, तुमच्या मनाचं. मी खडू घेऊन उभा. शेवटी माहं नाव लिहिलं. लय सुंदर लिहिलं काका, ट्रॉलीवर लिहितो तसं, अक्षराले सावली देऊन. लेकरं हसली. माह्या वर्गातली लेकरं.

मारलं? कोण म्हणते मारलं? हात नाही लावला मी तिले. पाहुणे गेल्यावर फक्त पुढं उभी केली आणि लेकराईले म्हटलं, हिले इचारा बरं, हिच्या पोडावर, त्या वस्तीत, इंग्रजी कोण कोण बोलते — माय बोलते, का शेळी बोलते? लेकरं पोट धरून हसली. म्हटलं, वाच आता, काय लिहिलं ते. ती वाचे, मी म्हणो, मोठ्यानं. ती वाचे, मी म्हणो, अजून मोठ्यानं. घंटा होईपर्यंत. रडली असती तर बसवलं असतं मी, खरंच बसवलं असतं — काहून रडली नाही ती? दरवेळी बरोबर वाचलं. मग वही ओढून घेतली, म्हटलं, संस्थेची आहे ही, तुह्या बापाची नाही. तेव्हा रडली.

असे पाहू नका काका. ही घ्या ना, कोरी करकरीत आहे. नको? तीच पाहिजे? तीच कुठून देऊ मी — दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी आलतो, खोडरबर घेऊन बसलो. तिची मागची बारा पानं, एक एक. काय काय लिहिलं होतं कोण जाणे, अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. सगळं पुसलं, एकही पान फाटू दिलं नाही. मग त्याच्यावरच फिक्कं लिहून वही दुसरीतल्या नयनले दिली, गिरवाले.