तेवीस कागद

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या छापखान्याचे माननीय मालकसाहेब, मंचावरचे व्यवस्थापकसाहेब, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली बांधणी खात्याची ताई, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

तुम्ही सगळे मला ‘पाहुणा’ म्हणता. बरोबरच आहे. दहावी अर्धवट, मग सहा वर्षांत सात नोकऱ्या. एका बेकरीत होतो, तिथला मालक झोपेतसुद्धा पीठ मळायचा, म्हणजे खरंच हात हलायचे त्याचे... असो. व्यवस्थापकसाहेबांनी मला विषय दिलाय, ‘अनिश्चित काळात ताणाला तोंड कसं द्यावं’. निरोपाच्या भाषणाला विषय असतो हे मला माहीत नव्हतं. पण सोमवारी पुन्हा यादी लागणार, तेव्हा आमची मनं खंबीर असावीत असा त्यांचा हेतू असेल.

ताण म्हणजे काय, हे या हॉलमध्ये कुणाला सांगायला हवं का? आठ महिने झाले. दर सोमवारी दुपारी बोर्डावर कमी केलेल्यांची नावं लागतात. शिलाईच्या काकूंना रविवारपासून घास उतरत नाही. शाईवाले आजोबा मुद्दाम चष्मा घरी विसरतात आणि शेजारच्याला म्हणतात, “बघ रे, मी आहे का त्यात?”

ताईकडे यावर एक उपाय होता. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की ती कागदांची चळत पुढे करायची. “मोज. किती भरतात सांग.” चळत नेहमी पंचवीसचीच, हे सगळ्यांना माहीत. खरे किती भरले, ते मात्र मोजणाऱ्यालाच माहीत. मोजणं चुकलं, म्हणजे चित्त थाऱ्यावर नाही; मग त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, झाडू घेऊन कात्रणं गोळा करायची. मी एकदा म्हटलं, “ताई, ही काय शाळा आहे?” म्हणाली, “शाळेत चुकलास तर छडी बसते. इथे पातं बसतं. मोज गुमान.”

मालकसाहेब, मघाशी आपण म्हणालात की ताई स्वखुशीने दोन वर्षं आधी निवृत्त होतेय. लहान तोंडी मोठा घास होईल, तरी विचारतो. अपघाताच्या वहीत ‘पाळी बदलताना मशीन तपासलं नाही, चूक माझी’ असं लिहून सही केल्यावर माणसाकडे किती खुशी उरते?

त्या सोमवारी सकाळच्या पाळीला मी होतो. ताईने चळत दिली. मी मोजली. तेवीस भरले. यादीच्या दिवशी हातात झाडू दिसला तर आपलं नाव लागलंच, एवढंच डोक्यात. मी म्हटलं, “पंचवीस.” तिने विश्वास ठेवला.

कापणीच्या मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं, म्हणून बोटं शाबूत राहतात. मी डाव्या बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकली. एका हाताने कागद सारायचा, एका हाताने बटण दाबायचं. दीडपट काम निघालं. व्यवस्थापकसाहेब पाठ थोपटून गेले. बोर्डावर माझं नाव नव्हतं. त्या आनंदात पाचर तशीच राहिली.

दुपारच्या पाळीला त्याच मशीनवर आपले कापणीवाले मामा बसले. अठरा वर्षं त्यांची एकच सवय, उजवा हात बटणावर टेकवायचा आणि डाव्याने शेवटचा कागद सरळ करायचा. अठरा वर्षं त्याने काही झालं नव्हतं.

मामा तिसऱ्या रांगेत आहेत. टाळ्या वाजवत नाहीत म्हणून मघाशी कुणीतरी त्यांना कोपराने ढोसलं.

पाचर ताईला सापडली. मला बाजूला घेऊन विचारलं, “खरे किती भरले होते?” मी सांगितलं. ती म्हणाली, “तुझं नाव लिहिलं तर पुढे तुला कुणी मशीनजवळ उभं करणार नाही. माझी काय, दोनच वर्षं राहिलीत.” आणि मी गप्प बसलो. चार महिने.

मामा, तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय. आधी घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा आलो होतो. मामींनी पाणी दिलं, मी पाणी पिऊन परत गेलो.

ताई, हाताने खुणा करून मला खाली बसवू नकोस.

साहेब, ताणाला तोंड कसं द्यावं, मला ठाऊक नाही. घाबरलेल्या माणसाला मशीनवर बसवू नये, आणि जास्त काम निघावं म्हणून माणसाला घाबरवू नये, एवढंच या चार महिन्यांत कळलं. वही ऑफिसात आहे. ती इथे मागवा. ताईचं नाव खोडा, माझं लिहा. सही करेपर्यंत मी इथून हलत नाही.

मला बोलू दिलंत, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.